कलम अकरा, पोटकलम लसूण

रात्री साडेनऊला टिंबर एरियातलं शटर अर्धं ओढून
मी नैरोबी उघडते.
मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवलेला.
तिकडं सातच वाजलेत, गिऱ्हाईक आहे.
वांबुई कॅमेरा फिरवते, करारात लिहिलाय तसा:
आधी बोर्ड, मग कढई, मग काउंटर, मग तिचे हात.

बोर्ड पिवळा आहे. पण आपला पिवळा नाही.
आपला पिवळा म्हणजे मार्केट यार्डात
पोतं फुटल्यावर चपलेला लागतो तो.
हा तिच्या गावातल्या बसचा पिवळा,
नुसता बघितला तरी हॉर्न ऐकू येतो.
मी वहीत लिहिते: रंग. सूचना पहिली.

शेंगदाणे आख्खे. बरोबर.
कढीपत्ता नाही. "ताई, दोन आठवडे आलाच नाही."
मराठी तिची मिरजेची, नर्सिंगच्या तीन वर्षांतली,
'ळ' माझ्या पोरापेक्षा स्वच्छ.
मग ती कागदी कोन भरते, लिंबू पिळते,
वर कैरीचे तुकडे, जे आपण कधी घातले नाहीत,
आणि लसूण
कुठं आहे गं लसूण?

"इथं ऑफिसच्या पोरी दुपारी खातात, ताई,
आणि मग मीटिंगला बसतात. वास नको म्हणतात.
काढला, तसा खप दुप्पट झाला."

खप दुप्पट म्हणजे माझे पाच टक्केही दुप्पट.
हिशोब मला कळतो. तरी कानशिलं तापली.
कुंभोजकर वकिलांनी एकेचाळीस पानं केलीत,
इंग्रजीत, दोन्हीकडचे शिक्के मारून,
त्यात कलम अकरा: चवीत फेरफार आढळल्यास
तीस दिवसांत फलक उतरवावा.
नोटिशीची भाषा मला पाठ आहे.
फोन ठेवला आणि लिहायलाच बसले,
लसणाशिवाय भडंग म्हणजे

इथं पेन थांबलं.

म्हणजे नेमगोंडा अण्णांचं भडंग.
त्यांच्या भट्टीवर बाबांनी चौदा वर्षं झारा हलवला.
जैनाची भट्टी, कांदा नाही, लसूण नाही,
दिवस बुडाल्यावर जाळ नाही.
बाबा वेगळे निघाले तेव्हा अण्णांनी मसाला दिला,
कागदावर नाही, कानात.
टक्का घेतला नाही. शब्द घेतला:
"लसूण तेवढा घालू नकोस बाबू."

बाबांनी तो पाळला, पहिल्या दिवाळीपर्यंत.
मग गणपती पेठेत समोर दुसरा गाडा लागला,
तिथं तेलात लसूण लाल व्हायला लागला की
आमची रांग रस्ता ओलांडून जायची.
त्या थंडीत आमच्या कढईतही तो पडला.
अण्णा एकदा आले. पुडी घेतली, उघडली,
नाकाशी नेली, पैसे मोजून दिले.
पुडी काउंटरवरच राहिली.
बाबांनी त्या दिवशी भट्टी चारलाच विझवली.

आणि आज मी सगळ्यांना सांगते,
आमची अस्सल चव, पन्नास वर्षांची.

साडेदहाला परत फोन लावला.
वांबुई गल्ला मोजत होती.
म्हटलं, मसाला इथूनच येणार, मी कुटलेला, सीलबंद,
ते सील तू फोडायचंस, पण आत काही मिसळायचं नाही.
चुरमुरे किती भाजायचे ते मी सांगणार.
लसणाचं, कैरीचं, तू आणि तुझ्या पोरी बघा.
बोर्डाचा रंग मात्र बदल.

ती काही बोलली नाही.
मग म्हटलं, एक कोन भर आणि फोनजवळ खा,
मला आवाज ऐकू दे.

मध्ये अख्खा समुद्र, नेटवर्क अडखळत होतं,
तरी दाताखाली चुरमुरा फुटला तो नीट फुटला,
मऊ नाही, करपलेला नाही.
मी वहीत बरोबरची खूण केली.

"आणि रंग?" मी विचारलं.
"बघू, ताई," ती म्हणाली,
अगदी मी कुंभोजकरांना म्हणते तशी.